समुद्राची ओढ

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून रस्त्याने ६०० किलोमीटरांहून अधिक दूर. समुद्र एकदा डोळे भरून पाहावा, ही इच्छा उराशी बाळगूनच पुसद-उमरखेडकडील कितीतरी माणसे म्हातारी होतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असा उपदेश त्यांना हमखास ऐकावा लागतो. तो येथे गैरलागू आहे. इच्छा करण्यास पैसा पडत नाही. मात्र समुद्र म्हणजे मुंबईच, असे मानण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या काळ्या खडकांवरून ती अनेक धारांनी कोसळू लागली, की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. पुढे ती वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास. म्हणजे यवतमाळच्या शेतांतून वाहून जाणारे पाणी मुंबईकडे पाठ फिरवून थेट पूर्वेचा समुद्र गाठते! ही वाट ज्या मुलाने ओळखली, त्याला समुद्र परका कसा वाटेल? तिचा आरंभ तर त्याच्याच शिवारात आहे. उमरखेडहून सहस्रकुंड एका दिवसात पाहून परत येता येते. पण ‘तेथे काय, केव्हाही जाता येईल’ असे म्हणता म्हणता नेमके तेच पाहावयाचे राहून जाते.