नीलगिरी तेल : प्रमाणाचे भान

रुमालावर दोन थेंब शिंपडण्यापुरते नीलगिरी तेल घरोघरी परिचित आहे. हल्ली ते घरगुती मालिशतेलातही मिसळले जाते. पानांतून वाफेच्या साहाय्याने काढलेल्या या तेलाचा उग्र, शीतल गंध मुख्यतः सिनिओल या घटकाचा. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून तिळाच्या तेलात मिसळावे. 100 मिलिलिटरला 1 मिलिलिटर, म्हणजे शेकडा एक, एवढे प्रमाण प्रौढांस पुरेसे होते. ‘नैसर्गिक’ म्हणून हात सैल सोडल्यास त्वचेची आग होते. तान्ह्या मुलाच्या चेहऱ्यास वा नाकाजवळ ते मुळीच लावू नये. श्वासास अडथळा येऊ शकतो. चमचाभर पोटात गेले तरी बालकास झटके येऊ शकतात. यास्तव बाटली गडद काचेची, झाकण घट्ट आणि जागा मुलांच्या हाताबाहेरची असावी.