मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा का जातो? गडचिरोली-चंद्रपूरसाठी प्रश्न वेळेचा

ऑक्टोबर 2024 मध्ये, गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर भागातल्या दंतेवाडा जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किमान 10 रुग्णांच्या डोळ्यांत संसर्ग झाला. त्यांना रायपूरला हलवावं लागलं. मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात जानेवारी 2019 मध्ये अशाच घटनेत पाच जणांची एका डोळ्याची दृष्टी गेली.

नेमकं काय होतं?

या संसर्गाला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो. तिथे जंतू शिरले की ते झपाट्याने वाढतात आणि पडद्याला इजा करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे क्वचितच, साधारण हजारात एखाद्याला होतं. मात्र एकाच दिवशी अनेकांना झालं, तर संशय दूषित द्रावण, उपकरणं किंवा ऑपरेशन थिएटरवर जातो.

फक्त शस्त्रक्रियेमुळेच होतं का?

नाही. बांबूची काडी, काटा किंवा हातोडी मारताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात घुसला, तरी धोका असतो. धान चुरताना लोंबी लागून बुबुळावर जखम झाली आणि ती चिघळली, तर संसर्ग आत पोहोचू शकतो. मधुमेहींमध्ये शरीरातला दुसरा संसर्ग रक्तावाटेही डोळ्यात जातो.

उपचार काय?

प्रतिजैविकाचं इंजेक्शन थेट डोळ्यात द्यावं लागतं. नजर फक्त उजेड कळण्याइतकीच उरली असेल, तर आतली जेली काढण्याची शस्त्रक्रिया करतात. लवकर उपचार मिळाले तर अनेकांची नजर बऱ्यापैकी वाचते. उशीर झाला तर अंधत्व येतं, कधी डोळाच काढावा लागतो.

इथेच अंतर आडवं येतं. भामरागडहून नागपूर 300 किलोमीटरहून दूर आहे. शिबिरातून रुग्ण दुसऱ्या दिवशी गावी परततो आणि संसर्गाची लक्षणं बहुतेकदा पहिल्या आठवड्यात दिसतात. म्हणून शिबिराइतकीच नंतरची तपासणी, आशा सेविकेची भेट आणि तातडीच्या गाडीची सोय महत्त्वाची ठरते.

काय लक्षात ठेवावं?

ऑपरेशन किंवा जखमेनंतर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुकानातून आणलेले थेंब किंवा झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नये. काही घुसलं असेल तर ते स्वतः काढू नये, डोळा चोळूही नये.