करारावर सही कोणाची?

भुलेश्वराच्या डोंगरावर उभे राहिले की एका अंगाला यवत-केडगावचा उसाचा हिरवा पट्टा दिसतो आणि दुसऱ्या अंगाला पुरंदरचे पठार. याच पठारावरील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या शिवारात पुण्याचा नवा विमानतळ उभारण्याचे शासनाने ठरविले आहे. २०१८ मध्ये त्याला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि २०२५ मध्ये भूसंपादनाच्या हालचालींना वेग आला. मोबदल्याच्या दरावरून सभा झाल्या, मोर्चे निघाले, संघर्षही झाला. ते स्वाभाविकच होते. मात्र जमिनीचा प्रश्न जेवढा गाजला, त्याच्या शतांशानेही दुसरा एक प्रश्न गाजला नाही. या विमानतळावर जे हात राबतील, त्यांच्याशी करार कोण करणार आणि त्या करारावर सही कोणाची असणार?

हा प्रश्न एकट्या पुरंदरचा नाही. शेजारच्या दौंड आणि शिरूर तालुक्यांतील घराघरांत आज एकच आशा बोलून दाखविली जाते की, विमानतळ आला म्हणजे पोरे कामाला लागतील. आशा बाळगण्यात काही गैर नाही. परंतु कोणते काम, कोणाच्या हजेरीपटावर आणि किती दिवसांसाठी, हे विचारल्याशिवाय बाळगलेली आशा ही फसवणुकीची पहिली पायरी असते.

विमानाच्या पोटातील माणूस

प्रवाशाला विमान दिसते, हवाई सुंदरी दिसते, कप्तानाचा आवाज ऐकू येतो. विमान जमिनीवर टेकल्यापासून पुन्हा उडेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या भोवती धावणारी माणसे मात्र त्याला दिसत नाहीत. शिडी लावणारे, सामानाच्या गाड्या ओढणारे, आतील स्वच्छता करणारे, विमान मागे ढकलणारे ट्रॅक्टर चालविणारे आणि सामान चढवणारे-उतरवणारे लोडर, हे सारे भू-सेवेचे कर्मचारी. लहान विमानाच्या सामानकक्षाची उंची इतकी कमी असते की लोडरला ताठ उभेही राहता येत नाही. गुडघ्यांवर बसून, वाकलेल्या पाठीने तो एकामागून एक पेट्या रचत जातो. मे महिन्यात खाली तापलेले काँक्रीट असते आणि कानाशी इंजिनाचा कर्कश आवाज.

या कामासाठी किती झुंबड उडते, हे जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे साऱ्या देशाने पाहिले. विमानतळ सेवा पुरविणाऱ्या सरकारी कंपनीच्या सुमारे सव्वादोन हजार जागांसाठी पंचवीस हजारांच्या आसपास तरुण जमल्याच्या बातम्या आल्या. चेंगराचेंगरीची स्थिती निर्माण झाली आणि अखेर अर्ज ठेवून घरी जाण्यास उमेदवारांना सांगण्यात आले. त्या गर्दीत पदवीधरही होते. पगार होता वीस ते पंचवीस हजारांच्या घरातील आणि नेमणूक होती ठरावीक मुदतीची, कायमची नव्हे. सरकारी कंपनीत ही अवस्था, तर खासगी ठेकेदाराकडे काय असेल, हे सांगण्यासाठी ज्योतिषी नको!

रांजणगाव आणि कुरकुंभचा धडा

शिरूर-दौंडच्या लोकांना तर हे सांगण्याचीही गरज नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावला महागणपतीच्या शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली. दौंड तालुक्यात फिरंगाई देवीच्या कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. तेव्हाही जमिनी गेल्या होत्या आणि तेव्हाही शब्द दिले गेले होते. आज तेथे काय दिसते? काही वर्षांनी एकदा कायम कामगारांचा वेतनकरार होतो. प्रवेशद्वारावर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात, नेत्यांचे फलक लागतात. त्याच प्रवेशद्वारातून, त्याच पाळीत, त्याच यंत्रावर काम करणारा कंत्राटी तरुण हा सोहळा बाजूला उभा राहून पाहतो. त्या करारात त्याच्यासाठी एक ओळ नसते. त्याचा ठेकेदार बदलतो, ओळखपत्राचा रंग बदलतो, भविष्य निर्वाह निधीचे कागद पुन्हा नव्याने भरावे लागतात. यंत्र मात्र तेच असते आणि हातही तेच. दहा वर्षे काम करून ज्येष्ठता शून्य, ही कोणत्या धर्मातील रीत?

यात केवळ मालकांना दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. कायम कामगारांच्या अनेक संघटनांनी आपल्या पदरात अधिक पडावे म्हणून कंत्राटीकरणाकडे सोयीस्कर डोळेझाक केली, हे कटू असले तरी सत्य आहे. धाकट्या भावाच्या ताटातील घास काढून थोरल्याचे पोट भरणारा करार हा विजय नसून विश्वासघात आहे.

कायद्याच्या पळवाटा

कायदा नाही असे नाही. कंत्राटी कामगार नियमन व निर्मूलन कायदा १९७० चा. त्याच्या आधारे ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने झाडलोट, स्वच्छता व इमारतींची राखण या कामांत कंत्राटी पद्धत बंद करणारी अधिसूचना काढली. तिच्या आधारे लढणारे कामगार विमानसेवेतीलच होते. मुंबईत एअर इंडियासाठी ही कामे करणाऱ्यांच्या प्रकरणात १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंत्राटी पद्धत जेथे बंद झाली तेथे कामगाराला मूळ मालकाने सामावून घेतले पाहिजे. कामगारांना आकाश ठेंगणे झाले. पण पाच वर्षेही पूर्ण झाली नाहीत तोच, ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निर्णय पुढील काळासाठी फिरविला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. कंत्राट हा निव्वळ देखावा आहे हे कामगाराने औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे, असे ठरले. ज्याच्याकडे नेमणूकपत्रसुद्धा नाही, त्याने ठेकेदाराची कागदपत्रे खोटी ठरवायची!

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर उपदान मिळू लागले, या गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. परंतु बारीक अक्षरे वाचणेही कर्तव्य आहे. ज्या संघटनेच्या मागे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार, तीच वाटाघाटीची एकमेव अधिकारी, असे औद्योगिक संबंध संहिता सांगते. प्रश्न असा की हजेरीपट कोणाचा? कंत्राटी कामगार तर ठेकेदाराच्या पटावर! म्हणजे विमानाखाली राबणारा बहुसंख्य असूनही वाटाघाटीच्या मेजापुरता तो अस्तित्वातच नाही.

दुसरी मेख व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. मुख्य कामात कंत्राटी पद्धत नको, असे ती म्हणते. पण आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर माल चढविणे-उतरविणे हे मुख्य काम मानू नये, असेही म्हणते. विमान कंपनी म्हणणार, आमचे काम उडण्याचे, सामानाचे नव्हे. मग सामान न चढविता विमान उडवून दाखवावे! आणि भू-सेवा कंपनीची स्थापना तर याच कामासाठी झालेली असते. तिला ही पळवाट मुळीच मिळता कामा नये. भारतीय मजदूर संघाने वेतन व सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत करतानाच या दोन संहितांतील तरतुदींवर आक्षेप घेतले, ते यासाठीच महत्त्वाचे आहेत.

सुरक्षेचा प्रश्न, राष्ट्राचा प्रश्न

१५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने एका तुर्की भू-सेवा कंपनीची सुरक्षा-मंजुरी रद्द केली. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तानने पाकिस्तानची पाठराखण केली होती. देशाच्या विमानतळांच्या अंतर्भागात अशा देशाच्या कंपनीचा वावर राहू देणे घातकच होते. निर्णय योग्य होता आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. पण त्या दिवशी एक सत्य उघडे पडले. मुंबई विमानतळावरील भू-सेवेचा मोठा हिस्सा त्या कंपनीकडे होता आणि तेथे राबणारे हजारो हात भारतीय होते. एका आदेशासरशी त्यांचा मालक बदलला. कामगारांना सामावून घेण्याची आश्वासने दिली गेली. पण त्यांचे भवितव्य नव्या कंपनीच्या सद्भावनेवर सोपविले गेले, लिखित हक्कावर नव्हे.

विमानाच्या सामानकक्षापर्यंत पोहोचणारा माणूस हा देशाच्या सुरक्षेचा पहिला पहारेकरी आहे. म्हणूनच प्रवेशपत्र देण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका तपासली जाते. सुरक्षेसाठी ज्याच्या चारित्र्याची पडताळणी आवश्यक वाटते, त्याच्या नोकरीच्या शाश्वतीची आवश्यकता कोणालाच का वाटू नये? २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने विमान कंपन्यांना स्वतःची भू-सेवा करण्याची मुभा देताना मनुष्यबळ पुरवठादारामार्फत माणसे घेण्यास मनाई केली होती. त्या मनाईमागचे तत्त्व साऱ्याच भू-सेवेला लागू व्हायला हवे.

दोन टोकांचे भ्रम

बाजारपूजक म्हणतात, विमान व्यवसायात नफा तुटपुंजा. कामगारांना बांधून घेतले तर कंपन्या बुडतील. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एप्रिल २०१९ मध्ये. दोन्ही ठिकाणी कंपनी बुडविण्याचे काम लोडरच्या पगाराने केले नाही. उलट कर्मचाऱ्यांचेच पगार आणि देणी अडकून पडली. नफ्यात वाटा नाही, पण तोट्यात मात्र पहिला बळी, ही भागीदारी कोणती?

दुसरे टोक लाल बावट्याच्या परंपरेतील. संप हेच ध्येय आणि चक्का जाम हाच पुरुषार्थ. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाने अडीच लाख कुटुंबांचे काय केले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या संपाचे नेतृत्व कम्युनिस्ट नव्हते हे खरे. पण माघारीचा मार्गच न ठेवणारी वृत्ती तीच. विमानसेवेत तर फुटीरपणाची भर पडली. विमानचालकांची संघटना वेगळी, अभियंत्यांची वेगळी, भू-कर्मचाऱ्यांची वेगळी. मे २०१० मधील संपानंतर एअर इंडियाच्या व्यवस्थापनाने भू-कर्मचारी व अभियंत्यांच्या संघटनांची मान्यता काढून घेतली. २०१२ मध्ये विमानचालकांचा संप ५८ दिवस चालून मावळला. ज्याने त्याने आपापली चूल मांडली आणि शेवटी सर्वांच्याच चुली थंडावल्या. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीच विकली गेली.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्यांच्या जयंतीला, भारतीय मजदूर संघाची स्थापना केली ती या दोन्ही टोकांना नाकारून. राष्ट्रहित, उद्योगहित आणि कामगारहित ही परस्परांची वैरी नसून एकाच देहाची अंगे आहेत, ही ती भूमिका. ती मवाळ नव्हती. एप्रिल २००१ मध्ये केंद्रात विचारांनी जवळचे सरकार असतानाही मजदूर संघाने त्याच्या आर्थिक धोरणांविरुद्ध दिल्लीच्या रामलीला मैदानावर विराट मेळावा भरविला होता. आपल्या माणसालाही चूक दाखविण्याचे हे धैर्य आजही हवे आहे.

उपाय आपल्याच मातीत

उपाय शोधण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेल्या हमालाला टोळीच्या मुकादमापासून सोडवून त्रिपक्षीय मंडळाच्या पटावर आणले गेले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस सारे कामगाराला द्यायचे. मालक बदलला तरी कामगाराची नोंद कायम. पुढे बोगस माथाडींच्या खंडणीखोरीने या कायद्याला डाग लागला, तो पुसलाच पाहिजे. पण चोर शिरला म्हणून घर पाडायचे नसते. पाठीवर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले, ते विमानात पेटी चढविणाऱ्याला का मिळू नये?

पुरंदरसाठी मागणी स्पष्ट हवी. भू-सेवेच्या निविदेतच अट असावी की, ठेकेदार बदलला तरी कामगार, त्याची ज्येष्ठता आणि वेतन तेच राहील. वेतनकरार त्रिपक्षीय असावा आणि त्यावर ठेकेदाराबरोबर विमानतळचालकाचीही सही असावी. कायम आणि कंत्राटी यांची संघटना एकच असावी. आणि हे सारे विमानतळाचे दार उघडण्यापूर्वी ठरावे. नवी मुंबईत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र लढले, १९८४ मध्ये पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. आधी ठरवून न घेतल्याची किंमत त्यांना रक्ताने मोजावी लागली.

घोड आणि भीमेच्या काठचा शेतकरी व्यवहाराला कच्चा नाही. सातबाऱ्यावर नाव लागल्याखेरीज तो बांधावरची बाभळही आपली मानत नाही. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी चार जाणत्यांना विचारतो. तोच बाप आपल्या मुलाला मात्र ठेकेदाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उमटविण्यासाठी निमूटपणे पाठवतो. जमीन एकदाच जाते. श्रम रोज जातात. ज्या जागरूकतेने जमिनीचा करार वाचला, त्याच जागरूकतेने श्रमाचा करार वाचला गेला नाही, तर सात गावांच्या शिवारातून विमाने उडतील आणि त्या शिवाराची मुले त्यांच्या पोटात गुडघ्यांवर बसलेली असतील. त्यांना ताठ उभे करणारी सही कोणाची, हे ठरविण्याची वेळ आज आहे.