पाण्याचा ग्लास आणि अर्धा तास

अंधेरी पूर्वेच्या एका मोठ्या कचेरीत आम्ही कामानिमित्त गेलो होतो. तिथल्या पॅन्ट्रीत भिंतीवर एक रंगीत कागद चिकटवलेला होता. दर तासाला पाणी प्या. खुर्चीतून उठून पाच मिनिटं चाला. काम करता करता जेवू नका. डोळे मिटून दहा दीर्घ श्वास घ्या. स्वतःची काळजी घ्या, कारण तुम्ही मौल्यवान आहात.

त्या कागदाखाली एक मावशी कप विसळत होत्या. आम्ही सहज विचारलं, मावशी, तुम्ही दिवसातून किती वेळा पाणी पिता? त्या हसल्या. म्हणाल्या, "घरून निघताना एकदा, मग घरी गेल्यावर. इथं प्यायलं तर जावं लागतं ना. आमचं संडास खाली, पार्किंगच्या पलीकडं. वर आलं की सुपरवायझर विचारतो, कुठं होतीस इतका वेळ?"

तो कागद आणि त्या मावशी यांच्यामध्ये दोन हातांचं अंतर होतं. हा लेख त्या अंतराबद्दल आहे.

कागदावरचा सल्ला खोटा नाही. शरीर कुणाचंही असो, त्याला पाणी लागतं, टेकायला जागा लागते, लघवीला जावं लागतं, दुपारी दोन घास निवांत खावे लागतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्याच्या टेबलावर पाण्याची बाटली आहे त्यालाच पाणी प्यायची आठवण केली जाते. ज्याला खुर्ची आहे त्याला सांगतात, उठून चाला. जी दहा तास उभी आहे तिला 'बस' म्हणायला कुणी येत नाही.

जरा आपल्या उपनगरांकडे बघा. बोरिवलीच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असलेली पोरगी; गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, कॅमेऱ्यात दिसतं. मुलुंडच्या टॉवरचा वॉचमन. बारा तासांची पाळी, बदली आला नाही तर चोवीस. घाटकोपर स्टेशनबाहेर बाईकवर बसूनच वडापाव खाणारा डिलिव्हरीवाला. मोबाईल वाजला की उरलेला घास खिशात. पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार, जिला हात धुवायला नळ शोधावा लागतो. चार घरची कामं करणारी ताई, जिचा दिवस टिटवाळ्याहून किंवा नालासोपाऱ्याहून पहाटेच्या गाडीने सुरू होतो. यांची आडनावं विचारा. गाव विचारा. मग कळेल की खुर्ची आणि उभं राहणं यांची वाटणी या शहरात कशी झाली आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी म्हटलं, ते पुस्तकात राहिलेलं नाही. ते रोज सकाळी सर्व्हिस लिफ्टने वर जातं.

यावर आपलेच काही बांधव म्हणतील, नोकऱ्या कंत्राटी झाल्या, खाजगीकरणात आरक्षण संपत चाललंय, आणि तुम्ही पाणी अन् खुर्ची काय घेऊन बसलात?

मित्रहो, पाणी ही क्षुल्लक गोष्ट आहे असं आंबेडकरी माणसाने तरी म्हणू नये.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेला हा तरुण. त्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फाईल लांबून टाकत. कचेरीतलं पिण्याचं पाणी त्यांना मिळत नव्हतं. म्हणजे पदवी होती, पद होतं, टेबल होतं. पाण्याचा ग्लास नव्हता. त्या कचेरीत 'दर तासाला पाणी प्या' असा कागद लावला असता तर त्याचा अर्थ काय झाला असता? दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, हाच माणूस हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर उतरला. बडोद्याचा तो कोरडा घसा एकट्याने दीर्घ श्वास घेऊन ओला होणारा नव्हता, हे त्यांना कळलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांचंही तसंच. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. आज धागा नाही, पण मुलुंडपासून अंधेरीपर्यंत कितीतरी स्वयंपाकघरांत खिडकीच्या कट्ट्यावर एक वेगळा कप उपडा ठेवलेला असतो. तो कुणासाठी, हे त्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं.

आता त्या कागदावरच्या दुसऱ्या सल्ल्याकडे येऊ. विश्रांती घ्या. घेऊ की! पण विश्रांती कुणी दिली, हे आधी सांगा.

रविवारची सुट्टी कुणा मालकाच्या मायेतून आलेली नाही. ठाण्यात १८४८ साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. गिरणीत तेव्हा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाच्या आधी काम नको. पगार वेळेवर. काम करताना जखमी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात दुपारचा अर्धा तास आला.

म्हणजे आज कचेरीत जो अर्ध्या तासाचा लंच टाइम मिळतो, तो सत्यशोधकांनी मिळवलेला आहे. डबा उघडताना हे आठवावं.

पुढचं पाऊल बाबासाहेबांचं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. आपल्या पोस्टरवर 'बारा तासांचे आठ तास केले' असं लिहिलेलं असतं. नेमका कायदा सांगायचा तर १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ५४ तास आणि दिवसाला दहा तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ तास आणि नऊ तासांवर आली. सहा दिवसांचे ४८, म्हणजे दिवसाचे आठ. पोस्टरवरच्या वाक्यापेक्षा हा हिशेब पाठ असणं जास्त गरजेचं आहे, कारण समोरचा आता हाच हिशेब उलटा फिरवतो आहे.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊचे दहा तास करण्याचा आणि विश्रांती पाचऐवजी सहा तासांनंतर देण्याचा निर्णय घेतला. कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास. तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. यात कामगाराची संमती घेतली जाईल, असं सांगतात. नाक्यावरून रोजंदारीवर उचललेला माणूस 'नाही' म्हणून दाखवेल का? ज्याच्या हातात नोकरी आहे त्याने मागितलेली संमती म्हणजे संमती नव्हे.

इथेच त्या रंगीत कागदाचं राजकारण उघडं पडतं. एका हाताने तास वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने सांगायचं, ताण आला का, श्वास घ्या. थकवा व्यवस्थेने द्यायचा आणि उतारा ज्याने त्याने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशाने शोधायचा. आजारी पडलात तर तुम्हीच काळजी घेतली नाही! पाणी न पिता, लघवी दाबून धरून जिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, जिच्या पायाच्या शिरा उभं राहून फुगल्या, तिचाच दोष. मनूच्या व्यवस्थेत दुःख हे मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ होतं; या नव्या व्यवस्थेत ते या जन्मीच्या निष्काळजीपणाचं फळ. दोन्हीकडे मालक निर्दोष.

आणि बदल होत नाही असं नाही. कोळिकोडच्या मिठाई गल्लीत दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. केरळने २०१८ मध्ये तो हक्क कायद्यात लिहिला, तमिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्या मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २०१७ मध्ये जिंकला. कायम होणं म्हणजे नुसता पगार नव्हे; ताप आला तर घरी झोपता येणं. आजारपणाची भरपगारी रजा ही कुठल्याही सल्ल्यापेक्षा मोठी काळजी आहे.

आता एक कडू गोष्ट. ती आपल्याबद्दल आहे.

आमचा एक कार्यकर्ता रात्री वॉचमनची ड्युटी करायचा आणि दिवसा चळवळीचं काम. बैठक, मोर्चा, रेशनकार्डाचे फॉर्म, कुणाचा दवाखाना, कुणाचं पोलीस स्टेशन. झोप किती, कुणी विचारलं नाही. एका ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणीवाटपाच्या स्टॉलवर तो चक्कर येऊन पडला. साखर पावणेचारशे. हजारोंना पाणी देणारा तो माणूस सकाळपासून स्वतः पाणी प्यायला नव्हता. आम्ही पुढच्या सभेत त्याच्या त्यागाचं कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांनी त्याच्या पायाचं बोट काढावं लागलं. तेव्हा त्याची बायको आम्हाला म्हणाली, "भाऊ, टाळ्यांऐवजी एकदा घरी पाठवलं असतं तर?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आणि तीच बायको १४ एप्रिलला पन्नास जणांचा स्वयंपाक करते, भांडी घासते, दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाते. तिच्या अर्ध्या तासाची मागणी आपण कुणाकडे केली? मालकाकडे बोट दाखवताना आपल्या घरातला आणि आपल्या विहारातला मालक आपल्याला दिसत नाही.

तथागतांनी देहदंडाचा मार्ग करून पाहिला होता. शरीर हाडांचा सापळा झालं, आणि त्यातून काही हाती लागत नाही हे उमगल्यावर त्यांनी सुजाताने दिलेली खीर घेतली. आपण त्या मार्गाचे लोक आहोत. उपाशी, तहानलेलं, जागरणाने मोडलेलं शरीर ही चळवळीची शोभा नव्हे, तिची हानी आहे.

मग करायचं काय? आम्ही मोठा कार्यक्रम सांगत नाही. ज्या जागी काम करता तिथे चार गोष्टी पाहा: पिण्याचं पाणी कुठे आहे, संडास कुणाचा कुठे आहे, टेकायला जागा आहे का, अर्धा तास खरोखर मिळतो का. नसेल तर तारीख घालून वहीत लिहा. एकट्याने भांडू नका. एकट्याला काढून टाकणं सोपं असतं. तिघं-चौघं मिळून अर्ज द्या, पोच घ्या, संघटनेत जा. ज्यांना खुर्ची मिळाली आहे, आपल्यातल्याच आरक्षणाने शिकून कचेरीत बसलेल्यांना, आमची वेगळी विनंती आहे. पॅन्ट्रीतल्या त्या कागदावर तुमचंही लक्ष जात असेल. उद्या पाणी प्यायला उठलात की आधी तिथल्या मावशींचा संडास कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा. मग एच. आर.ला विचारा, का?

आणि चळवळीत: बैठक रात्री दहाला संपवा. जेवण बनवणाऱ्या बायांना पहिल्या पंगतीला बसवा. कार्यकर्त्याला विचारा, झोपलास का, औषध घेतलंस का.

स्वतःची काळजी घ्या, असं आम्हीही म्हणतो. फक्त 'स्वतः' या शब्दात आम्ही ती कप विसळणारी मावशीही धरतो. तिच्या हातात तिचा ग्लास, तिचा अर्धा तास आणि त्याच मजल्यावरच्या संडासाची किल्ली येत नाही, तोवर तो कागद भिंतीवरून उतरवा.

जयभीम!