मण्णु म्हणजेच माती

ज्येष्ठाची अमावास्या जवळ आली की आमच्या गल्लीच्या तोंडाला एक बाई बुट्टीत मातीचे बैल घेऊन बसते. जोडी घ्यायची, घरी आणून पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, नैवेद्य दाखवायचा. कन्नड घरांत ही ‘मण्णेत्तिन अमावास्ये’. मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. त्याआधी पंधरा दिवस कारहुणवीला खऱ्या बैलांचा मान होऊन गेलेला असतो. मराठी घरांतला पोळा मात्र श्रावणाच्या अमावास्येला. सांगली-कोल्हापूरकडे तर कर्नाटकी बेंदूर वेगळा आणि महाराष्ट्रीय बेंदूर वेगळा. म्हणजे आपल्या भागात बैलसुद्धा दोन भाषांत सण साजरे करतात म्हणायचं!

पण आज मला सणाबद्दल नाही, मातीबद्दल लिहायचं आहे. आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांबद्दल.

एकदा कॅलेंडर हातात घेऊन बघा. ज्येष्ठात मातीचे बैल. आषाढात मंगळवारी गुळ्ळव्वा, तीही मातीची. श्रावणात पंचमीचा नाग. भाद्रपदात गणपती, आणि तो उठला की कन्नड गल्ल्यांतून फिरणारा जोकुमार. मग दिवाळीत आपल्या मराठी मुलांचे किल्ले. पाऊस सुरू झाल्यापासून थंडी पडेपर्यंत या ना त्या निमित्तानं घरात ओली माती येतच असते. लहान मुलाच्या हाताला काय हवं असतं, ते आपल्या आज्यांना कुठल्याही शिबिराला न जाता ठाऊक होतं, असं मला यावरून वाटतं. आता आपण मात्र गणपती तयार आणतो, नागाचं चित्र भिंतीला चिकटवतो आणि मुलासाठी प्लास्टिकच्या डब्यातली रंगीत माती विकत आणतो.

दोन वर्षांच्या मुलाला बैल करता येत नाही, हे खरंच. त्यानं तो करावा अशी अपेक्षाही नको. तो आधी बोट खुपसतो. मग काढतो आणि भोकाकडे बघत बसतो. मग परत त्याच भोकात बोट. हे पंधरा-वीस मिनिटं चालू शकतं, आणि आपण मध्येच ‘अरे, असा गोळा कर ना’ म्हणून त्याचा हात धरतो. धरू नका. त्याचं काम चाललेलं असतं. किती दाबलं की माती दबते, पाणी जास्त झालं की कशी घसरते, वाळली की कशी तडकते, हे तो हातानं वाचत असतो. पुढं पेन्सिल धरायची ताकद याच बोटांत यायची आहे.

दीड-दोन वर्षांची मुलं हातात येईल ते तोंडात घालतात, त्यांना माती लवकर नको. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा चांगला. थोडी मोठी झाली की ज्वारीच्या पिठाचा द्या. कणीक ताणली की लांबते आणि ज्वारीचं पीठ तुटतं, हा फरक मुलाला लगेच कळतो आणि त्याची त्याला फार गंमत वाटते. भाकरी थापताना एक लिंबाएवढा गोळा बाजूला काढून द्यावा. एकानं त्याला भाकरी म्हणावं, एकानं रोट्टी म्हणावं. थापण्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच.

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझी धाकटी जाऊ बैलहोंगलकडची, माहेर कन्नड. तिचा मुलगा, आमचा चिनू, दोन वर्षांचा झाला तेव्हा मोजकेच शब्द बोलत होता. माझ्या सासूबाई त्याच्याशी मराठी बोलायच्या, जावेची आई कन्नड. एक आजी आणि एक अज्जी. मधल्या एका ‘ज’च्या जोराचा काय तो फरक, पण पोरगं तो कधी चुकलं नाही. अशात एका खेळवर्गात नाव घालायला गेल्यावर तिथल्या बाईंनी जावेला सांगितलं, ‘‘घरात दोन-दोन भाषा आहेत ना, म्हणून बोलत नाही. गोंधळतोय तो. एकच भाषा ठेवा. आणि ती इंग्लिशच ठेवा, म्हणजे पुढं त्रास नाही.’’

जाऊ घाबरली. आईच ती. घरी येऊन तिनं सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी ‘‘आम्हाला काय येतंय गं इंग्लिश’’ म्हणून हसून सोडून दिलं आणि आपलं मराठी चालूच ठेवलं. सासूच्या तोंडावर हात कोण ठेवणार? पण अज्जी लेकीच्या सासरी राहिलेली. ती गप्प झाली. चिनू तिच्या मांडीवर येऊन बसायचा, ती त्याला थोपटायची, भरवायची, पण तोंडातून शब्द नाही. महिनाभर हे चाललं. एके दिवशी मला म्हणाली, तिच्या त्या मोडक्यातोडक्या गोड मराठीत, ‘‘बाई, बोलायचं न्हाई म्हणत्यात. मग मी हितं बसून काय करू? गावाकडं जातो.’’

मी भाषेच्या विभागात शिकवते. वर्गात भाषासंपर्कावर तासभर बोलते. पण या वाक्यावर मला काही सुचलं नाही.

पुढं झालं एवढंच, की लशीच्या वेळी जावेनं मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी चिनूचे कान तपासून घ्यायला लावले. ते ठीक निघाले. मग त्याला किती शब्द येतात ते लिहून आणायला सांगितलं, दोन्ही भाषांतले मिळून. आम्ही सगळ्यांनी बसून यादी केली. पाणी, बा, मम्मं, हालु, काऊ, बेडा, नको, एत्तु, गाडी... नुसतं मराठी मोजलं तर थोडे, नुसतं कन्नड मोजलं तर थोडे, पण एकत्र केल्यावर साठाच्या वर गेले. आणि ‘पाणी बेकु’ हे दोन शब्दांचं वाक्यसुद्धा त्यात होतं! डॉक्टर म्हणाले, काळजी नाही, दोन्ही चालू ठेवा. त्या दिवशी घरी आल्या आल्या जाऊ सरळ आईपाशी गेली आणि म्हणाली, ‘‘अव्वा, माताडु.’’ बोल.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग कुठल्या ना कुठल्या रूपात घडलेला असणार, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. दोन भाषा ऐकल्यामुळं मूल उशिरा बोलतं, हा समज जगभर आहे आणि तो चुकीचा आहे. मूल साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं, दोनच्या सुमाराला दोन शब्द जोडतं; दोन भाषांच्या घरातही साधारण हेच. फक्त शब्द मोजताना एकाच पारड्यात मोजायचे नाहीत. ‘एत्तु पडला’ असं मूल म्हणालं तर त्याचा गोंधळ झालेला नसतो. त्याच्याकडे बैलासाठी कन्नड शब्द होता आणि पडण्यासाठी मराठी, ते दोन्ही त्यानं वापरले. आणि क्रियापद बरोबर शेवटी ठेवलं!

हे त्याला सोपं जातं, कारण मराठी आणि कन्नड यांची कुळं वेगळी असली तरी वाक्याचा सांगाडा पुष्कळ सारखा आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी लोकांच्या बोलण्याचा अभ्यास केला होता. त्यांचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि भाषाशास्त्रात आजही त्याचा दाखला देतात. गावात कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. त्यांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्यात शब्दामागून शब्द बदलत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होतं. आपल्याकडे बाजारात उभं राहिलं तरी हे ऐकू येतंच की.

बोलणं उशिरा आलं तर काहीच करू नका, असं मात्र मी म्हणत नाही. वर्षाचं झालं तरी मूल बडबड करत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, किंवा येत असलेले शब्द बंद झाले, यांपैकी काही असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा आणि कान तपासून घ्या. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणून बसू नका. भाषेला दोष देण्याच्या नादात कानाचा दोष बघायचा राहून जातो, ही खरी भीती आहे.

आता राहिला प्रश्न कुणी काय बोलायचं. ज्याची जी भाषा मनापासूनची, त्यानं ती बोलावी. आपल्या सीमाभागात भाषा हा साधा विषय नाही, हे मला माहीत आहे. फलकावर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून इथं किती आंदोलनं झाली. २००४ साली तर प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ते मोठ्यांचं. आपलं मत काय असायचं ते असो. पण दोन वर्षांच्या पोराच्या दृष्टीनं कन्नड म्हणजे अज्जीची मांडी आणि मराठी म्हणजे आजीचा पदर. त्यातलं एक काढून घेतलं तर भाषा एक उरते आणि माणूसही एकच उरतं.

खेळ काय खेळावेत असं मला बरेच जण विचारतात. विकत आणण्यासारखं फारसं काही नाही. न्हाणीत तांब्या, दोन वाट्या आणि अर्धी बादली पाणी द्या. तांब्याला अज्जी तंबिगी म्हणते हे त्याला तिथंच कळेल. एका वाटीतून दुसरीत ओतताना पाणी सांडतं, मग तो हात बेतानं वळवायला शिकतो. फक्त बादलीशेजारून उठून जायचं नाही, अगदी फोन वाजला तरी. भाजी आणली की पिशवी जमिनीवर मोकळी करा आणि त्याला निवडू द्या. गाजर-गज्जरी, कोथिंबीर-कोतंबरी या जोड्या कानाला जुळ्या बहिणींसारख्या लागतात. पण कांदा आणि उळ्ळागड्डी यांचं काही म्हणजे काही जुळत नाही, त्यामुळं मुलांना तो शब्द सगळ्यात जास्त आवडतो. ‘उळ्ळागड्डी’ म्हणताना चिनूची जीभ अडखळायची आणि तो स्वतःच खो खो हसायचा. मूग, हरभरे, शेंगदाणे मात्र तीन वर्षांच्या आत खेळायला नकोत. नाकात जातात, घशात अडकतात.

कुणी म्हणेल, हे काय शिक्षण? पालघरच्या किनाऱ्यालगत, बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून हेच केलं. माँटेसरीची महागडी साधनं वारली मुलांच्या पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे घेतले आणि मुलांच्या अंगणातच शाळा भरवली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तिथलीच. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत. त्यांचं मूळ मराठी मातीतल्या दोन बायकांच्या या कामात आहे, हे आपल्या मुलींना जरूर सांगावं.

मोबाईलविषयी एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. त्याहून कमी तितकं चांगलं. पडद्यावरचा बैल कितीही रंगीत असला तरी तो मुलानं ‘एत्तु’ म्हटल्यावर ‘हौदु, एत्तु’ असं उत्तर देत नाही. पुण्याची आत्या व्हिडिओवर बोलते ते वेगळं, तिथं समोर माणूस असतं.

अज्जी गावाला गेली नाही. यंदा अमावास्येला तिनं बैल विकत आणू दिले नाहीत. कुंभाराकडून माती मागवली, अंगणात गोणपाट अंथरलं आणि नातवाला घेऊन बसली. शेजारच्या दोन मराठी पोरी आपसूक येऊन चिकटल्या. बैलांना शिंगं होती, पाय काहींना तीन होते. पोरींना ‘कोडु’चे दोन अर्थ त्या दिवशी कळले, ‘दे’ आणि ‘शिंग’. मग दुपारभर ‘कोडु कोडु’ म्हणून नुसता दंगा.

आता पावसाची झड लागेल आणि मुलं घरात अडकतील. पुढच्या लेखात बंद घरातल्या खेळांबद्दल आणि बोटांच्या गाण्यांबद्दल लिहायचा विचार आहे. तुमच्याकडे आजी किंवा अज्जी लहान मुलाची बोटं मोजताना, त्याला गुदगुल्या करताना जे काही म्हणतात, ते दोन ओळींत का होईना, साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. मराठी, कन्नड किंवा दोन्हींची मिसळ, कसंही चालेल. कुठल्या गावाकडचं आहे तेवढं लिहायला विसरू नका.