मोटरसायकलवरील कॅमेरा : जागेचा प्रश्न आणि पुराव्याचा प्रश्न

हेल्मेटवर कॅमेरा बसवून दुचाकी चालवणाऱ्यांना एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत वाहन परवान्याचे निलंबन, अशा कारवाईचा निर्णय केरळच्या मोटार वाहन विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केला. अपघाताच्या वेळी असा कॅमेरा डोक्याला अधिक इजा करू शकतो, हे त्यामागील मुख्य कारण होते. दुचाकीस्वारांमध्ये त्यावर बरीच नाराजी व्यक्त झाली. कॅमेरा ही केवळ हौस नसून अपघातात आपली बाजू मांडण्याचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असल्याने या विषयाकडे काहीसे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. अपघातानंतर दुचाकीस्वार बहुधा बोलण्याच्या स्थितीत नसतो. दोष कोणाचा, हे घटनास्थळी जमलेल्या गर्दीच्या सांगण्यावरून ठरू लागते. अशा वेळी चित्रफितीचे मोल मोठे असते, हे नाकारता येणार नाही.

मात्र पुराव्यासाठी कॅमेरा घ्यायचा आणि सहलीच्या चित्रणासाठी घ्यायचा, या दोन वेगळ्या खरेदी आहेत. दुकानात हा फरक क्वचितच सांगितला जातो. सहलीच्या कॅमेऱ्याचे भिंग रुंद असते. रस्ता, डोंगर, आकाश सारे त्यात सामावते आणि वेगाचा भास वाढतो. नेमकी हीच रुंदी क्रमांकपाटी वाचताना आड येते. साधा हिशेब करून पाहावा. मोटारीची लांबट क्रमांकपाटी ५०० मिलिमीटर रुंद असते. दहा मीटर अंतरावरून ती जेमतेम तीन अंशांचा कोन व्यापते. १२० अंशांचे दृश्य टिपणाऱ्या १०८० पी कॅमेऱ्यात या पाटीच्या वाट्याला साधारण ४६ बिंदू येतात. पाटीवर दहा अक्षरे-आकडे धरले, तर प्रत्येकाला चार-पाच बिंदू मिळतात. तेवढ्यात ‘८’ आणि ‘३’ वेगळे ओळखणे अशक्यच. ‘फोर के’ दर्जाच्या कॅमेऱ्यात बिंदूंची संख्या दुप्पट होते आणि दहा मीटरवरची पाटी कशीबशी वाचता येते; वीस मीटरवर पुन्हा तीच अडचण. रात्री स्थिती आणखी बिकट होते. प्रकाश कमी असल्याने कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी राहते. ती सेकंदाचा तिसावा भाग उघडी राहिली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने समोरून जाणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे ५५ सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे अख्ख्या पाटीहून अधिक. जाहिरातीतील चित्रण नेहमी लख्ख उन्हातले का असते, याचे उत्तर येथे सापडते.

दुसरा प्रश्न कंपनांचा. अशा कॅमेऱ्यांतील संवेदक संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाही, तर एकेक ओळ वाचत जातो. इंजिनाची थरथर या वाचनापेक्षा वेगवान असली, की चित्र जेलीसारखे लहरू लागते. एका सिलिंडरच्या मोटरसायकलींवर, आणि आपल्याकडील बहुतांश मोटरसायकली त्याच प्रकारच्या आहेत, हँडलवर बसवलेल्या कॅमेऱ्यात हा दोष हमखास दिसतो. गोप्रो कंपनीने २०१८ मध्ये ‘हिरो ७ ब्लॅक’ या कॅमेऱ्यात सुधारित इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण आणले आणि त्यानंतर इतर उत्पादकांनीही तोच मार्ग धरला. हे तंत्र हिसके आणि डोलणे उत्तम सावरते. परंतु बारीक थरथरीपुढे ते हतबल ठरते. तेथे रबरी चकत्यांचा आधार किंवा जागा बदलणे हाच उपाय. महागडा मोबाइल फोन हँडलला अडकवून चित्रण करणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. अधिक शक्तीच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता.

चित्र स्थिर राहावे, आवाज स्वच्छ यावा आणि चालक जिकडे पाहतो तिकडचेच दृश्य टिपले जावे, या तिन्ही दृष्टींनी हेल्मेटचा हनुवटीकडील भाग सर्वांत सोयीचा. मान आणि खांदे नैसर्गिकरीत्या हादरे शोषतात. अडचण आहे ती अपघाताच्या क्षणी. हेल्मेटचे बाहेरील कवच गुळगुळीत आणि गोलाकार ठेवण्यामागे हेतू असतो. आघाताचा जोर विस्तृत भागावर पसरावा आणि डोके रस्त्यावर न अडखळता घसरावे. त्यावर कठीण वस्तू पक्की बसवली, की जोर एका जागी एकवटू शकतो किंवा ती वस्तू कशात तरी अडकून मानेला पीळ बसू शकतो. म्हणूनच हेल्मेटला भोक पाडून स्क्रू बसवणे सर्वथा गैर आहे. चिकटपट्टी किंवा पट्ट्याने बसवलेला, धक्क्यासरशी निखळून पडणारा आधार तुलनेने बरा, पण निर्धोक म्हणता येणार नाही. युरोपातील ‘ईसीई २२.०६’ या सुधारित नियमावलीत हेल्मेटसाठी बनवलेल्या जोडसाधनांचाही चाचणीत विचार केला जातो. सरसकट दंडापेक्षा हा मार्ग आपल्याकडेही अधिक उपयुक्त ठरेल, असे वाटते.

केवळ पुराव्यासाठी कॅमेरा हवा असेल, तर हेल्मेटचा मोह सोडणेच इष्ट. पुढे दिव्याजवळ आणि मागे क्रमांकपाटीजवळ बसणारे, वाहनाच्या बॅटरीवर चालणारे जोडकॅमेरे आता मिळतात. इंजिन सुरू होताच ते चित्रण सुरू करतात आणि कार्ड भरले की जुने पुसून नवे नोंदवतात. चालकाला बटण दाबण्याची आठवण ठेवावी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. जोडणी मात्र माहीतगार कारागिराकडून करून घ्यावी आणि वाहनाच्या हमीवर तिचा परिणाम होतो का, हे आधी विचारून घ्यावे.

चित्रण झाले म्हणजे पुरावा झाला, असेही नाही. या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण मार्गदर्शक ठरले आहे. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, याचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाभोवती फिरला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निर्णय दिला, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मूळ नोंद असलेले उपकरणच हजर करून मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची तरतूद कायम असून त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते आणि तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की अपघातानंतर कॅमेऱ्यातील कार्ड काढून जपून ठेवावे, त्यावर पुन्हा चित्रण होऊ देऊ नये आणि मित्रांना पाठवलेल्या काटछाट केलेल्या प्रतीवर विसंबू नये.

हाच पुरावा चालकावरही उलटू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये कांचीपुरमजवळ महामार्गावर पुढचे चाक उचलून कसरत करताना तमिळनाडूतील एका प्रसिद्ध यूट्यूबरला अपघात झाला. त्याला अटक झाली आणि त्याचा वाहन परवाना दहा वर्षांसाठी निलंबित करण्यात आला.