फितूर कोणास म्हणावें?

डोंबिवलीच्या कोणत्याही शाळेंत खिडकीचें तावदान फुटतें, वर्गांत चौकशी होते, आणि ज्यानें खरें तें गुरुजींस सांगितलें त्यास मधल्या सुट्टींत ‘फितूर’ ही पदवी मिळते. ठाकुर्ली ओलांडून कल्याणच्या न्यायालयांत जावें, तों हाच शब्द अगदीं उलटा चालतो. साक्षीदार पोलिसांपुढें सांगितलेली हकीकत पिंजऱ्यांत उभा राहून नाकारतो, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्र लिहितें, ‘साक्षीदार फितूर झाला.’ एके ठिकाणीं सत्य बोलणारा फितूर, दुसरीकडे बहुधा तें गिळणारा!

शब्द मूळचा अरबी. तेथें ‘फुतूर’ म्हणजे कट नव्हे, तर शैथिल्य, जोर ओसरणें. त्याच धातूचा ‘फातिर’ हा शब्द कोमट पाण्यास लावतात. फारशीच्या वाटेनें तो इकडे आला. हिंदींत त्याचें डोक्यांतील खूळ झालें. मराठींत मात्र तो आंतून शत्रूस मिळणाऱ्यास चिकटला, आणि ‘फितणें’, ‘फितविणें’ हीं क्रियापदें आम्ही त्यापासून घडविलीं. 1659 सालीं अफझलखान चालून आला तेव्हां खंडोजी खोपडे त्यास जाऊन मिळाले, कान्होजी जेधे महाराजांपाशीं राहिले. फितुरी म्हणावी ती ही.

मग तावदानाची गोष्ट सांगणारा मुलगा कोणत्या शत्रूस मिळाला? गुरुजी कांहीं अफझलखान नव्हत. छडीच्या दिवसांतही नव्हते. त्यास हें नांव ठेवणें हा माझ्या मतें निव्वळ अन्याय आहे.

साक्षीदाराचें निराळें. कायदा त्यास असें नांव देत नाहीं. 1872 चा पुरावा कायदा काय, किंवा 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागीं आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम काय, ज्यानें साक्षीदार बोलाविला त्यालाच त्याची उलटतपासणी घेण्याची मुभा न्यायाधीशांनीं द्यावी, इतकेंच सांगतो. असे लोक कधीं लाचेनें फिरतात, पुष्कळदां भयानें. म्हणून तर 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली. भ्यालेल्या माणसाचें धैर्य कोमट होतें. त्यास मराठी अर्थानें फितूर म्हणणें कठोर होईल, अरबी अर्थ मात्र नेमका बसतो.

आणि तावदान कोणीं फोडलें हें ठाऊक असून, भलताच मुलगा दंड भरीत असतां बाकावर गप्प बसणारे जे आम्ही पंचवीस-तीस जण, त्यांच्यासाठीं मधल्या सुट्टींत अद्याप कोणताच शब्द नाहीं.